शस्त्रक्रियेनंतरची ऊनोदरी

जैन परंपरेने सांगितलेल्या सहा बाह्य तपांमध्ये अनशन पहिले आणि ऊनोदरी दुसरे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात तिलाच अवमौदर्य म्हटले आहे. ऊन म्हणजे उणे आणि उदर म्हणजे पोट. भुकेपेक्षा चार घास कमी खाऊन पानावरून उठणे, एवढाच तिचा साधा अर्थ. प्राचीन ग्रंथकारांनी या तपाला मोजमापही दिले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा मानावा. त्यातून एक घास कमी केला तरी ऊनोदरी घडते. मोठ्या उपवासाची पत्रिका निघते, तपस्व्याचा वरघोडा निघतो, पारण्याला पाहुणे येतात. ऊनोदरी मात्र कोणाला दिसत नाही, म्हणून तिचे कौतुकही होत नाही.

या दुर्लक्षित तपाची आठवण आज एका अगदी वेगळ्या कारणाने होते. स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांची संख्या शहरांत वाढते आहे आणि व्यापारी वस्तीतील घरे त्याला अपवाद नाहीत. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा स्थूल आढळले. दिवसभर गादीवर किंवा खुर्चीवर बसून चालणारा व्यवसाय, हाताशी फरसाणाचा डबा आणि प्रत्येक शुभकार्याला मिठाई, अशा राहणीत हा आकडा आश्चर्याचा नाही. वैद्यकशास्त्राची भूमिकाही बदलली. १९९१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेसाठी बॉडी मास इंडेक्स ४०, अथवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५, अशी मर्यादा सांगितली होती. २०२२ साली या विषयातील दोन प्रमुख संघटनांनी ती ३५ आणि मधुमेहासारखा विकार असल्यास ३० वर आणली. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह जडतो, म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासूनही विचार करावा, असे सुचवले.

रुग्णालयातील मुक्काम बहुधा दोन-चार दिवसांचा असतो. त्यानंतर घरी परतलेल्या माणसाला जन्मभर ऊनोदरी करावी लागते, आणि ती एकट्याने निभत नाही. घरातील स्वयंपाक, पंगतीतील आग्रह आणि पर्वातील तप या तिन्ही ठिकाणी इतरांनी तिला जागा द्यावी लागते.

पोटाचे नवे माप

सर्वाधिक प्रचलित असलेल्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तिच्यात सुरुवातीस साधारण १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे लहानशी वाटीभर ऐवज मावतो. काढलेल्या भागातच भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असे. त्यामुळे पहिले काही महिने भूकही मंदावते. बायपास नावाच्या दुसऱ्या प्रकारात जठराची सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. आतड्याचा पहिला भाग, जिथे लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने शोषले जाते, तो अन्नाच्या वाटेतून वगळला जातो.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. शरीरात अन्न कमी जाते आणि त्या अन्नातील सत्त्वही पूर्वीइतके पदरात पडत नाही. म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या थोड्या दिवसांच्या नसून आयुष्यभराच्या असतात. वजन उतरले, तब्येत ठणठणीत झाली, आता गोळ्या कशाला, हा विचार सर्वांत महागात पडतो. बी-१२ चा शरीरातील जुना साठा पुष्कळ काळ पुरतो. तो संपेपर्यंत उणीव जाणवत नाही आणि हातापायांना मुंग्या येऊ लागतात तेव्हा मज्जातंतूंचे नुकसान सुरू झालेले असते. शाकाहारी माणसात, त्यातही दूध-दही बेताचे घेणाऱ्यात, हा साठा मुळातच तोकडा असतो.

गोळ्यांच्या बाबतीत जैन घरात आणखी एक प्रश्न उभा राहतो. अनेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून काढतात. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असतो. औषधांच्या वेष्टनावर तसे चिन्ह असेलच असे नाही. म्हणून कोणी गोळ्याच सोडून देतो, आणि लाजेने डॉक्टरांना सांगतही नाही. वास्तविक पर्याय आहेत. कॅप्सूलऐवजी साधी गोळी किंवा चघळण्याची गोळी मिळते, वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल मिळते, दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेले ड-३ मिळते, बी-१२ चे इंजेक्शन घेता येते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत हा विषय स्पष्ट शब्दांत काढला, तर पुढील कुचंबणा टळते.

पहिले दोन महिने

घरी आल्यावर पहिले सुमारे दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले गुळगुळीत अन्न, त्यानंतर मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम सर्वसाधारणपणे असतो. रुग्णालयातून मिळणाऱ्या छापील तक्त्यात मात्र अंडी, मांसाचे सूप, कुस्करलेला बटाटा असे पदार्थ असू शकतात. ते वगळले की तक्ता निम्मा रिकामा होतो आणि घरातील मंडळी त्या जागी पेज, साबुदाणा आणि साखरेचे दूध भरतात. पोट शांत राहते, पण शरीराला प्रथिने मिळत नाहीत. मुगाचे गाळलेले आणि नंतर घट्ट होत जाणारे वरण, ताक, सायविरहित दूध, घरी लिंबाने फाडलेल्या दुधाचे मऊ पनीर, दुधी किंवा लाल भोपळ्याचे गाळलेले सूप आणि बटाट्याच्या जागी उकडलेले कच्चे केळे, असा पर्यायी तक्ता आहारतज्ज्ञाकडून शस्त्रक्रियेआधीच लिहून घेतलेला बरा.

खाण्याची रीतही नव्याने शिकावी लागते. चहाच्या चमच्याएवढा घास, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावणे, जेवणाला वीस ते तीस मिनिटे. दुकानात गिऱ्हाईक उभे असताना पाच मिनिटांत डबा संपवण्याची सवय असलेल्या माणसाला हे तीस वेळा गरम मसाला निवडण्याइतके कंटाळवाणे वाटते. परंतु घाईने गिळलेला घास छातीत अडकतो, तोंडाला पाणी सुटते आणि तो उलटून पडतो. मऊ भात आणि ताजी लुसलुशीत पोळी यांचा गोळा होत असल्याने त्या सुरुवातीस विशेष त्रास देतात. मौन धरून जेवण्याची जुनी चाल इथे औषधासारखी उपयोगी पडते. बोलता बोलता घास चावला जात नाही.

उलट्या दिवसेंदिवस चालूच राहिल्या तर ते ‘पोटाला सवय होते आहे’ म्हणून सोडून देऊ नये. थायमिन, म्हणजे बी-१ या जीवनसत्त्वाचा साठा शरीरात काही आठवड्यांपुरताच असतो. तो संपला आणि एकाचे दोन दिसू लागले, तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर मेंदूवरचा परिणाम कायमचा राहू शकतो.

प्रथिनांचा हिशेब

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे सांगितले जाते. ती कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते. वजनाचा काटा खाली जातो, पण जिना चढताना पाय थरथरतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठ-मूठ गळतात. वेगाने घटलेल्या वजनामुळे काही प्रमाणात केस गळणारच आणि ते बहुधा परत येतात; परंतु प्रथिने आणि लोह यांची उपेक्षा झाली तर गळती लांबते.

जैन स्वयंपाकघरात ६० ग्रॅमचा मेळ कसा घालावा? दोन पेले, म्हणजे ४०० मिलिलिटर दुधात सुमारे १३ ग्रॅम. १०० ग्रॅम पनीरात साधारण १८ ग्रॅम. ४० ग्रॅम कोरड्या मूगडाळीच्या घट्ट वरणात ९ ते १० ग्रॅम. तितक्याच बेसनाच्या किंवा मुगाच्या पिठाच्या धिरड्यात ८ ते ९ ग्रॅम. बेरीज पन्नासच्या आसपास जाते. २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घेतल्या तर १२-१३ ग्रॅमची भर पडते, अथवा वैद्यकीय सल्ल्याने हिरव्या ठिपक्याची प्रथिनांची पूड ताकात ढवळून घेता येते. वाटीभर पातळ वरणावर मात्र हा हिशेब कधीच जुळत नाही. ताटात पहिला घास डाळीचा अथवा पनीराचा, मग भाजी आणि जागा उरली तरच फुलका, हा क्रम पाळावा लागतो.

या हिशेबात आचाराच्या मर्यादाही आहेत. मोड आलेली कडधान्ये अनंतकाय म्हणून अनेक घरांत वर्ज्य असतात. कडधान्याबरोबर कच्चे दूध, दही किंवा ताक घेतल्यास द्विदलाचा दोष सांगितला आहे, म्हणून धिरड्याबरोबर दही चालत नाही. मोठ्या पोटाच्या माणसाला हा निर्बंध जाचक वाटेल. लहान पोटाला तो जाचत नाही, कारण त्याला एका वेळी एकच पदार्थ पुरतो. सकाळी दूध, दुपारी डाळ, मधल्या वेळी पनीर आणि सायंकाळपूर्वी ताक, अशी विभागणी केली की दोष टळतो आणि बेरीजही पूर्ण होते. अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या भाज्या नसल्या तरी डाळींचा आधार कायम राहतो.

पाणी आणि सूर्यास्त

नव्या पोटाचा एक कडक नियम असा, की जेवताना पाणी प्यायचे नाही आणि जेवणानंतर अर्धा तासही नाही. पाण्याने जागा अडते किंवा अन्न वेगाने पुढे ढकलले जाते. तरीही दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवे, आणि तेही घोट-घोट. पेला एका दमात रिकामा करणे आता शक्य नसते.

हा नियम आणि चोविहार एकत्र ठेवून पाहावे. महाराष्ट्रात डिसेंबरमध्ये सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी धरली तर खाण्यापिण्यासाठी दहा तास मिळतात. त्यात पाच छोटी खाणी. प्रत्येकाची जेवणाची आणि नंतरच्या थांबण्याची मिळून एक तासाची वेळ. पाच तास गेले. उरलेल्या पाच तासांत दीड लिटर पाणी संपवायचे, तर तासाला ३०० मिलिलिटर. त्यानंतर सुमारे चौदा तास थेंबही नाही. एखादा निश्चयी माणूस घड्याळ लावून हे साधेलही. परंतु ज्या दिवशी कामाच्या गर्दीत पाणी राहून जाते, त्या दिवशी रात्री डोके दुखते, लघवी गडद होते, आणि असे दिवस साचत गेले की मूत्रखड्याची वाट मोकळी होते.

यातून मार्ग काढण्यासाठी नियम मोडावा लागत नाही. अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा त्याग म्हणजे चोविहार. पाणी मोकळे ठेवून उरलेल्या तिन्हींचा त्याग म्हणजे तिविहार. परंपरेने हा दुसरा दरवाजा स्वतःच उघडा ठेवला आहे. रात्रिभोजनाचा त्याग तसाच राहतो आणि उकळलेल्या पाण्याचे घोट रात्रीही घेता येतात. पहिले वर्षभर तरी तिविहार स्वीकारणे हे शहाणपणाचे ठरते. शिवाय सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपल्याने झोपण्याआधी पोट रिकामे होते. स्लीव्हनंतर अनेकांना होणारी रात्रीची जळजळ त्यामुळे कमी होते. या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला आणि घरातील जुना आचार एकाच दिशेने जातात.

गोळ्यांचे वेळापत्रकही याच उजेडात बसवावे लागते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नयेत. दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियमही एकाच वेळी सगळे न घेता विभागून घ्यावे. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. लिहून भिंतीवर लावलेला कागद या कामी स्मरणशक्तीपेक्षा अधिक विश्वासू असतो.

तप कोणते आणि कधी

पर्युषण आणि दशलक्षण पर्व जवळ आले की अशा घरात अवघड प्रश्न उपस्थित होतो. दरवर्षी अठ्ठाई करणारी बाई यंदा काय करणार? तिला स्वतःलाच रुखरुख लागलेली असते. त्यात कोणीतरी सहज बोलून जाते, “ऑपरेशन करून बारीक व्हायचं, त्यात कसलं तप?” बोलणारा विसरून जातो, ऐकणारी मात्र आठ दिवसांचे पच्चक्खाण घेऊन उत्तर द्यायचे ठरवते. खरा धोका इथेच आहे.

वेगाने वजन घटण्याच्या काळात पित्ताशयात खडे होण्याचा संभव आधीच वाढलेला असतो. थायमिनचा साठा अपुरा असतो, स्नायू झिजत असतात आणि घोट-घोट पिण्यामुळे शरीरातील पाण्याची शिल्लकही बेताची असते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासात साखर अचानक उतरू शकते. म्हणून पहिले वर्ष-दीड वर्ष दीर्घ उपवास टाळावेत, असाच सल्ला साधारणतः दिला जातो.

उपवास नाही तर एकासणा तरी, असा विचार स्वाभाविकपणे मनात येतो. एकासणा वरून सौम्य दिसतो. परंतु दिवसाचे सगळे पोषण एका बैठकीत घ्यायचे आणि बैठक वाटीभराची, हा हिशेब बसत नाही. आयंबिलातही एकच बैठक असते आणि दूध-दह्यासह सर्व विगयांचा त्याग असतो. म्हणजे प्रथिनांचा मोठा आधार जातो. चैत्र आणि आश्विनातील नऊ दिवसांची ओळी त्यामुळे या काळात जड ठरते. वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने करतात. बायपास झालेल्या व्यक्तीने तसा रस प्यायला तर अर्ध्या तासात छाती धडधडणे, दरदरून घाम, पोटात कळा आणि जुलाब यांचा त्रास होऊ शकतो. एकदम आतड्यात उतरलेल्या साखरेचा हा परिणाम आहे. डॉक्टर त्याला डंपिंग म्हणतात. कधी कधी दोन-तीन तासांनी साखर उलट खाली जाऊन हातपाय कापू लागतात.

मग तप उरलेच नाही का? पुष्कळ उरले आहे. साखर आणि तळलेल्या पदार्थांचा त्याग हा रसपरित्यागच आहे, आणि तो या शरीराला मानवतो. आज पाचच द्रव्ये घेईन, अशी मर्यादा म्हणजे वृत्तिसंक्षेप. स्वाध्याय, ध्यान, विनय ही आभ्यंतर तपे तर पोटाच्या मापावर अवलंबूनच नाहीत. तीर्थंकर नामकर्माच्या सोळा कारण भावनांमध्ये तपाचा उल्लेख ‘शक्तीनुसार’ या विशेषणासह येतो, आणि अनेक पच्चक्खाणांच्या पाठांत देहाची समाधी बिघडल्यास औषधाची मोकळीक देणारा आगार आधीच घातलेला असतो. शास्त्रकारांनी दुर्बल शरीराचा विचार केला नव्हता, असे मानण्याचे कारण नाही. गुरुमहाराजांसमोर संकोच न करता शस्त्रक्रियेची हकीकत सांगितली, तर ते झेपेल असेच पच्चक्खाण देतील. हकीकत लपवून मागितलेल्या पच्चक्खाणात त्यांचाही नाइलाज होतो.

थाळी, पंगत आणि आग्रह

पानात काही टाकू नये, थाळी धुऊन ते पाणी प्यावे, हा संस्कार जैन मुलाला अक्षरओळखीच्या आधी मिळतो. शस्त्रक्रियेनंतर याच संस्काराची कोंडी होते. पोट भरल्याची खूण अचानक येते. त्यानंतरचा एक घासही उलटतो. पानात दोन घास उरलेले, टाकणे पाप आणि खाणे त्रासाचे. जेवणावर लगेच पाणी चालत नसल्याने थाळी धुऊन पिणेही अडते.

या कोंडीला उपाय साधा आहे. मोठे ताट बाजूला ठेवून छोटी ताटली आणि लहान वाटी घ्यावी, आणि वाटेल त्याच्या निम्मेच वाढून घ्यावे. हवे असल्यास पुन्हा घेता येते. ताटली फुलक्याच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घ्यावी. दोन चमचे पाण्याने ती धुऊन, ते पाणी अर्ध्या तासानंतर आणि ४८ मिनिटांच्या आत घेतले, तर डॉक्टरांचा नियम आणि उष्ट्यात जीवोत्पत्ती होऊ नये यासाठी सांगितलेली अंतर्मुहूर्ताची मर्यादा, दोन्ही सांभाळली जातात.

पंगतीचे संकट मात्र एकट्याच्या युक्तीने सुटत नाही. स्वामीवात्सल्यात वाढणारी काकू दाल-बाटीचे पातेले घेऊन समोर येते. “वहिनी, एवढ्यानं काय होणार? चुरमा तरी घ्या. माझी शपथ आहे.” “काकू, अर्धी वाटी डाळच द्या. तेवढीच जाते.” “अहो, एका दिवसानं काही होत नाही.” सगळी पंगत आता वहिनींकडे पाहते आहे. भिडेखातर घेतलेला तो चुरमा पुढच्या अर्ध्या तासात त्यांना घरी जायला लावतो, आणि पुढच्या पंगतीला त्या येतच नाहीत. वजन उतरल्यानंतर माणसे समारंभांपासून दूर राहू लागतात, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

वाढणाऱ्याने एकदा विचारावे आणि ‘पुरे’ हा शब्द ऐकल्यावर थांबावे. ऊनोदरी करणाऱ्याला दोन घास अधिक घ्यायला लावणे म्हणजे त्याच्या तपात अंतराय घालणे होय. आग्रहात प्रेम असते हे खरे. पण तेच प्रेम शेजारी पाच मिनिटे बसून बोलण्यातही दाखवता येते.

घरातही हीच गोष्ट. सुनेने चार चमचे खाऊन हात धुतले की सासूबाईंना स्वतःचा घास गोड लागत नाही. “अगं, मला बघवत नाही,” असे त्या म्हणतात आणि मागून शिऱ्याची वाटी येते. आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हेही एक तप आहे. अशा घरात वैयावृत्त्याचा अर्थ फार साधा आहे. पाच वेळा थोडे-थोडे रांधण्याची तयारी ठेवणे, मिठाईचे डबे नजरेआड ठेवणे, आणि ती जेवत असताना पानाकडे पाहत न राहणे. कमी वेळात पुत्र किंवा नात व्हावी, ही घाईही या सेवेत बसत नाही. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असे तज्ज्ञ सांगतात.

दोन वर्षांनंतर

पहिल्या वर्षात वजन झपाट्याने उतरते. सगळे कौतुक करतात, कपडे आटवून घ्यावे लागतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात. दीड-दोन वर्षांनी काटा स्थिरावतो. भूक हळूहळू परत येते आणि पोटही थोडे सैलावते. खरी ऊनोदरी इथून सुरू होते, कारण तोवर न खाणे भाग होते. आता खाता येत असताना थांबायचे असते.

या काळात वजन पुन्हा वाढते ते बहुधा जेवणाने नव्हे. डाळ आणि पनीर पोट भरवतात. शेव, चिवडा, खाकरा, आइस्क्रीम, सरबत हे पदार्थ तोंडातच विरतात आणि लहान पोटातूनही सहज खाली सरकतात. जेवायला दहा घासांवर थांबणारा माणूस दुपारभर टेबलावरच्या डब्यातून चिमूट-चिमूट खाकरा खात असेल, तर त्या चिमटींची बेरीज जेवणापेक्षा मोठी होते. खाकरा जैन पदार्थ आहे, कोरडा आहे, म्हणून तो हलका आहे, हा समज सोडावा लागतो. खाण्याच्या वेळा ठरवून मधल्या वेळी फक्त पाणी, हाच त्यावर उतारा.

बायपास झालेल्यांनी गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असतो. रक्ततपासणी पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि पुढे दरवर्षी एकदा करावी. तिची आठवण राहावी यासाठी सोपी खूण म्हणजे चातुर्मास. आषाढाच्या आरंभी रक्त तपासून घ्यावे, अहवाल डॉक्टरांना दाखवून यंदा शरीर किती झेपवू शकेल ते विचारावे, आणि मग तो कागद बरोबर घेऊन गुरुमहाराजांकडे जावे. पच्चक्खाण त्यानंतर.